उकरून काढलेल्या सोडा बाटलीचे वय : एका संकेतस्थळाचे परीक्षण

खणताना जुनी सोडा बाटली हाती लागली की ती किती जुनी असेल, हा प्रश्न सर्वांत आधी पडतो. त्याच्या उत्तरासाठी मला सर्वाधिक भरवशाचे वाटते ते बिल लिंडसे यांनी उभारलेले आणि सोसायटी फॉर हिस्टॉरिकल आर्किऑलॉजी या संस्थेने आपल्या जागेवर ठेवलेले काचेच्या ऐतिहासिक बाटल्यांचे संकेतस्थळ. ते विनामूल्य आहे, आणि बाटलीवरच्या नावाइतकेच महत्त्व ती बनली कशी या प्रश्नाला देते.

काळ ठरवण्याचे काम तिथे प्रश्नांच्या साखळीने चालते. बाटलीवर उठावाची अक्षरे आहेत का, साच्याच्या जोडाची उभी रेघ दिसते का, आणि दिसत असल्यास ती तोंडाच्या कडेवरून पार जाते की त्याआधीच विरते, असे विचारत ते वाचकाला पुढच्या पानावर नेते. रेघ कडेवरून पार गेलेली असेल तर बाटली यंत्रावर बनलेली, म्हणजे बहुतेक वेळा विसाव्या शतकातील. मायकेल ओवेन्स यांचे पूर्णतः स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आले. रेघ तोंडाखालीच पुसट झाली असेल, तर बाटली साच्यात फुंकून तिचे तोंड नंतर अवजाराने घडवलेले असते. ‘रेघ जितकी उंच तितकी बाटली नवी’ हा संग्राहकांमध्ये रुजलेला समज हे संकेतस्थळ कारणांसह खोडून काढते, आणि या एका गोष्टीसाठीही मी त्याचा ऋणी आहे.

सोडा आणि खनिज पाण्याच्या बाटल्यांना तिथे स्वतंत्र पान आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत समृद्ध आहे. आतील वायूचा दाब सोसण्यासाठी आणि पुन्हापुन्हा भरल्या जाण्यासाठी या बाटल्या जाड काचेच्या बनत, त्यामुळे जमिनीखाली त्या धड राहण्याची शक्यताही अधिक असते. त्यांचे वय पुष्कळदा तोंडच सांगते. चार्ल्स हचिन्सन यांनी तारेच्या कडीचे आणि रबरी चकतीचे बूच १८७९ मध्ये पेटंट केले; विल्यम पेंटर यांचे पन्हळी कडांचे पत्र्याचे झाकण १८९२ मधले. मात्र नवे झाकण आले म्हणून जुने लगेच गेले नाही. दोन्ही प्रकार काही वर्षे सोबत चालले. म्हणून हे संकेतस्थळ एक वर्ष न सांगता काळाचा पट्टा सांगते आणि अपवादही नोंदवते. घाईच्या वाचकाला हे अपुरे वाटेल. मला ते प्रामाणिक वाटते.

अक्षरांवर आंधळा विश्वास का ठेवू नये, हे कोका-कोलाच्या बाटलीवरून चांगले कळते. तिच्यावर २५ डिसेंबर १९२३ ही तारीख असेल तर ती पेटंटची तारीख आहे. तशा बाटल्या १९३० च्या दशकातही बनत राहिल्या. याउलट बुडावरच्या खुणा खरोखर उपयोगी पडतात. ओवेन्स-इलिनॉय कंपनीची १९२९ नंतरची खूण म्हणजे पत्त्यांतील चौकटसारख्या हिऱ्याच्या आकृतीवर आडवे लंबवर्तुळ आणि मध्ये आय हे अक्षर. तिच्या डावीकडचा आकडा साधारणतः कारखान्याचा आणि उजवीकडचा वर्षाचा असतो. तिथे केवळ ४ असेल तर १९३४ की १९४४, हा पेच उरतोच. तेव्हा बूड निरखावे, कारण तिथला बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा १९४० नंतरच्या पद्धतीकडे बोट दाखवतो. भिंगाखाली अशा खुणा एकमेकींशी ताडून पाहण्याचा आनंद मोठा आहे, आणि तो मिळवून देण्याइतकी स्पष्ट, मोठी करून पाहता येणारी छायाचित्रे येथे आहेत. काचेच्या जांभळेपणाबाबतही योग्य ती सावधगिरी आहे: मँगनीज असलेली काच उन्हाने जांभळी होते, परंतु कृत्रिम किरणोत्सारानेही तो रंग आणता येतो.

उणिवा लहान नाहीत. पाने अतिशय लांब आहेत, मांडणी जुन्या वळणाची आहे, मोबाइलच्या पडद्यावर वाचताना दम लागतो, आणि सारा मजकूर दाट इंग्रजीत आहे. बाटलीची बाजारातील किंमत तिथे मिळत नाही. ती देण्याचा त्यांचा हेतूच नाही, आणि मला त्याची उणीव भासली नाही. मोठी मर्यादा वेगळीच आहे: सारा भर अमेरिका आणि कॅनडामधील बाटल्यांवर आहे. हायरम कॉड यांची गोटीची बाटली इंग्लंडमधील, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीची. अशा बाटल्यांना घडणीचे सर्वसाधारण निकष लावता येतात, पण अमेरिकेतील कारखान्यांवरून काढलेल्या तारखा जशाच्या तशा लावू नयेत. त्यांचा काळ ठरवताना बाटली भरणाऱ्या कंपनीचे नाव आणि त्या गावच्या जुन्या व्यापारी नोंदी यांचाच आधार घ्यावा लागेल.