माजी सैनिक संघटनेचं सभासदत्व : 14 महिन्यांनंतर

प्रवेश फी 200 आणि वर्षाची वर्गणी 300, असे 500 रुपये भरून मी गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात आमच्या भागातल्या माजी सैनिक संघटनेचा सभासद झालो. संघटनेचं नाव लिहीत नाही. एक तर यातलं बरंचसं मुंबई-ठाण्यातल्या इतर संघटनांनाही लागू पडेल, आणि दुसरं म्हणजे मला पुन्हा त्याच हॉलमध्ये जाऊन बसायचंय.

मराठा लाइट इन्फन्ट्रीत 24 वर्षं काढून 2011 ला हवालदार म्हणून घरी आलो. विक्रोळीत राहतो, बीकेसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. एवढी वर्षं कुठल्याच संघटनेत गेलो नाही. बोलावणी बरीच आली. पण 24 वर्षं रोल कॉलला उभं राहिल्यावर रविवारी पुन्हा कुणी हजेरी घ्यावी हे नको वाटायचं. गावी, सातारा जिल्ह्यात, असल्या गोष्टीची गरज पडत नाही. पारावर बसलं की चौघांतले दोघे फौजीच निघतात. मुंबईत मात्र माझ्या शेजारच्या इमारतीत पलटणीतलाच एक जण राहतो, हे मला आठ वर्षांनी कळलं. तेही कॅन्टीनच्या रांगेत.

त्यानंच मला ओढलं. पेन्शन बँकेकडून ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेली होती, नोव्हेंबर आला होता आणि हयातीच्या दाखल्यासाठी माझा अंगठा काही केल्या मशीनवर उमटत नव्हता. तो म्हणाला, “रविवारी ये, आमच्याकडं एक बाबू आहेत.” गेलो. बाबू म्हणजे निवृत्त हवालदार क्लार्क, वय सत्तरीपुढचं, हातात कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी माझ्याच मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला करता येतो हे दाखवलं. पाच मिनिटांत काम. पैसे विचारले तर पावती पुस्तक पुढं केलं.

आता खटकलेलं. 14 जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले, त्यावरून हा दिवस ठरला. आमच्याकडं त्या दिवशी पुढच्या रांगेत सोफे, मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सोफ्यावर कोण आणि खुर्चीवर कोण, हे कुणी सांगावं लागत नाही. आमची पावलं आपोआप मागं वळतात. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनीही! पाहुणे सव्वा तास उशिरा आले, मग फेटे, मग शाल-श्रीफळ. निवडणुका जवळ असल्या की पाहुण्यांची संख्याही वाढते आणि अध्यक्षांचा आवाजही. व्हॉट्सअॅप ग्रुपचं तर बोलायलाच नको. मी तो पहिल्याच आठवड्यात म्यूट केला.

त्याच कार्यक्रमात एका वहिनींचा सत्कार झाला. नवरा नाईक म्हणून निवृत्त, दोन वर्षांपूर्वी गेला. स्टेजवरून उतरताना त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “ही चौथी शाल. पेन्शन मात्र अजून चालू नाही.” कारण ऐकून आम्ही गप्प झालो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सासरचं नाव लिहिलं गेलं. नवऱ्यानं पलटणीत तेच कळवलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीतली घरच्या माहितीची नोंद, त्याच नावाची निघाली, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तेच चढलं. आधार कार्ड मात्र शाळेच्या दाखल्यावरून झालं, त्यावर माहेरचं नाव. कागदोपत्री दोन बायका! आपल्याकडं किती घरांत हे असं असेल, विचार करा. जे अजून हयात आहेत त्यांनी आजच डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि बायकोचं आधार शेजारी शेजारी ठेवून बघावं. नवरा जिवंत असताना नाव सुधारणं सोपं, नंतर बाईला दारोदार फिरावं लागतं.

हे काम बाबूंनी पिशवीत घेतलं. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, मग बेळगावला रेकॉर्ड ऑफिसकडं अर्ज. इंग्रजी पत्र सोफ्यावरच्याच एका कर्नलसाहेबांनी लिहून दिलं. दोनदा फाडून तिसऱ्यांदा. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर वरचा परिच्छेद एकतर्फी होईल. मेगाब्लॉकच्या रविवारीही बाबू कल्याणहून यायचे. सात महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. बाबू कार्यकारिणीवर नाहीत, त्यांचा फोटो कुठल्याच बॅनरवर नाही.

संघटनेत भांडणंही आहेत आणि ती अगदीच खोटी नाहीत. सातव्या वेतन आयोगात मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजी नोकरीतल्या खडतरपणासाठी दर महिन्याला मिळणारी जादा रक्कम, अधिकाऱ्यांना 15,500 आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) व जवानांना 5,200 ठरला. धोका सगळ्यांना सारखाच, मग हा फरक का, असं विचारणारे आमच्यात बरेच आहेत. जवानांची वेगळी संघटना हवी म्हणून दोन बैठका नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. मला त्यांचा मुद्दा पटतो. पण वेगळं होऊन पत्रं कोण लिहिणार, हे विचारलं की सगळे चहाकडं वळतात.

बायको म्हणते, एवढ्या तक्रारी आहेत तर जाता कशाला? खरं कारण मी तिलाही उशिरा सांगितलं. 2015 च्या जूनमध्ये जंतरमंतरवर ‘वन रँक वन पेन्शन’साठी, म्हणजे हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी या मागणीसाठी, साखळी उपोषण सुरू झालं. म्हातारी माणसं दिल्लीच्या उन्हात बसली होती. मी बीकेसीच्या एसी लॉबीत टीव्हीवर बघत होतो. नोव्हेंबरात आदेश निघाला, 1 जुलै 2014 पासून लागू. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत आली. चारही मी मोजून घेतले, पहिल्यातून फ्रिज आणला. त्या आंदोलनाला मी एक रुपया दिला नव्हता, एक दिवस दिला नव्हता. उलट तेव्हा पुढाऱ्यांत फूट पडली की आम्ही गार्डरूममध्ये हसायचो.

सभासद व्हावं का, असं विचाराल तर आधी एक रविवार नुसते जाऊन बसा. स्टेजकडं बघू नका, मागच्या टेबलावर कागद घेऊन कोण बसलंय ते बघा. तिथं कुणीच नसेल तर 500 रुपये वाचवा.

मी या नोव्हेंबरात 300 भरून नूतनीकरण केलं. खजिनदारांनी आजीव सभासदत्वाचा 3,000 चा फॉर्मही दिला होता. तो घडी घालून डिस्चार्ज बुकात ठेवलाय, अजून भरलेला नाही. या महिन्यापासून दुसऱ्या रविवारी बाबूंच्या शेजारी मी बसतो. ते सांगतात, मी मोबाइलवर भरतो. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.