आधी चोरी की आधी बळ? इंग्लंडमधील जबरी चोरीचे घटक तपासण्याच्या दोन पद्धती

भारतात एलएलबी करून इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही पात्रता परीक्षा देणाऱ्यांना जबरी चोरीचा प्रश्न सोडवताना एक निवड करावी लागते. थेफ्ट ॲक्ट, १९६८ च्या कलम ८ नुसार आधी चोरी सिद्ध होते का ते पाहून मग बळाकडे वळायचे, की बळ किंवा धाक कुठे आहे ते हेरून तिथून चोरीकडे यायचे? मी दोन्ही पद्धतींनी अभ्यास केला आहे.

आधी बळ पाहण्याची पद्धत झटपट आहे, हे मान्य करायला हवे. वाद फक्त बळापुरता असेल तेव्हा ती फार उपयोगी पडते. १९८७ च्या क्लाउडन खटल्यात बाईच्या हातातली खरेदीची टोपली हिसकावणे जबरी चोरीला पुरेसे ठरले. उलट २०१२ च्या एका निकालात बोटांतली सिगारेट अंगाला स्पर्श न करता ओढून घेतली, म्हणून ती केवळ चोरी ठरली. हा फरक ओळखायला बळापासून सुरुवात करणेच सोयीचे जाते.

माझे घोडे अडले ते वेळेच्या मुद्द्यावर. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३९० डोक्यात पक्के बसलेले होते आणि त्यात चोरलेली वस्तू घेऊन जाताना केलेली इजासुद्धा मोजली जात असे. कलम ८ मध्ये तसे शब्दच नाहीत. बळ चोरीच्या लगेच आधी किंवा चोरीच्या वेळीच, आणि तेही चोरी करता यावी म्हणूनच वापरलेले असावे लागते. सराव परीक्षेत पळताना दुकानदाराला ढकलणारा चोर दिसला की मी न थांबता जबरी चोरीच्या पर्यायावर खूण करत असे. उत्तर कधी बरोबर येई, कधी चुकत असे, आणि दोन्ही वेळा कारण मला सांगता येत नसे. १९७९ च्या हेल खटल्यात एकाने घरमालकिणीचे तोंड दाबून धरले, दुसऱ्याने माडीवरून दागिन्यांची पेटी आणली आणि नंतर दोघांनी तिला बांधले. वस्तू बळकावण्याची क्रिया तेव्हाही चालू होती का, हे ज्युरीने ठरवायचे, असे अपील न्यायालयाने म्हटले. म्हणजे चोरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे आधी आखून घेतल्याशिवाय बळ 'त्या वेळी' वापरले की नंतर, हे सांगताच येत नाही.

आधी चोरी पाहण्याची पद्धत वेळखाऊ वाटते. ज्यांचा हात सरावाने बसला आहे त्यांना कदाचित तिची गरजही पडणार नाही. पण १९७७ च्या रॉबिन्सन खटल्यासारखा प्रश्न आला, की तीच तारून नेते. तिथे आरोपीचे सात पौंड येणे होते. झटापटीत देणेकरी बाईच्या नवऱ्याच्या खिशातून पडलेली पाच पौंडांची नोट त्याने ठेवून घेतली. त्या पैशांवर आपला कायदेशीर हक्क आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर अप्रामाणिकपणा उरत नाही, म्हणून चोरी नाही आणि चोरी नाही म्हणून जबरी चोरीही नाही. झटापट कितीही मोठी असली तरी इथे तिच्याकडे वळण्याची वेळच येत नाही.