ग्लॉक २२ मध्ये ९ मिमीचं बॅरल : सहा महिन्यांच्या वापरानंतर

पिस्तूल तिसऱ्या पिढीचं ग्लॉक २२, मूळ काडतूस .४० एस अँड डब्ल्यू (गोळी सुमारे १० मिमी जाडीची). बॅरल (नळी) दुसऱ्या कंपनीचं, बाहेरून .४० च्या मापाचं आणि आतून ९ मिमी. अमेरिकेत अनुक्रमांक फ्रेमवर असतो, त्यामुळे संघराज्याच्या कायद्यानुसार बॅरल हा साधा सुटा भाग ठरतो. भारतात मात्र हे करायला जाऊ नका : शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये 'रूपांतर' हा शब्दच आहे, शिवाय ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाही.

बदल सुरक्षित आहे, पण मोठ्याकडून लहानाकडेच. मुळात ९ मिमीच्या असलेल्या ग्लॉक १७ ला .४० करता येत नाही, कारण काडतुसाचं बूड जिथे टेकतं ती स्लाइडची (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची) जागाच अरुंद असते. ग्लॉक १७ चं मूळ बॅरलही २२ मध्ये चालत नाही. ते बारीक असल्यामुळे स्लाइडमध्ये सैल बसतं. ९ मिमी आणि .४० या दोन्हींची कमाल दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, म्हणजे दाबाची भीती नाही. सर्वांत सोपा बदल .३५७ सिगचा. ते काडतूस .४० च्याच पुंगळीचा गळा आवळून बनवलेलं, त्यामुळे मॅगझिनही तेच चालतं. दाबमर्यादा मात्र ४०,००० आहे, स्लाइडला धक्का जोराचा बसतो.

९ मिमीला मॅगझिन ग्लॉक १७ चंच लावावं. .४० च्या मॅगझिनमधून एखादी फैर नीट निघते आणि पुढची अडकते. त्रास होतो तो पुंगळी बाहेर फेकली जाताना. ९ मिमीच्या बुडाचा व्यास ९.९६ मिमी, .४० चा १०.७७. एवढ्या फरकाने एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) पकड उथळ पडते. ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या काडतुसांनी पुंगळ्या कधी डोक्यावरून जातात, कधी स्लाइडमध्ये उभ्या अडकतात. १२४ ग्रेन वापरल्यावर हे बरंच थांबतं. उरलेलं काम ९ मिमीचा एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर उडवणारा भाग) घातल्यावर होतं. तिसऱ्या पिढीत स्लाइडची स्प्रिंग ग्लॉक १७ आणि २२ ला एकच, ती बदलू नये.

बसवताना आधी मॅगझिन काढा, चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. सुट्या बॅरलमध्ये काडतूस सोडलं की ते आपल्या वजनाने आत जायला हवं आणि उलटं केलं की घसरून बाहेर यायला हवं. स्लाइड बंद असताना बॅरलचं मागचं टोक अंगठ्याने दाबून पाहा, हलता कामा नये. मग नकली काडतुसांनी हाताने स्लाइड चालवा. रेंजवर आधी एक, मग दोन, मग भरलेलं मॅगझिन. पहिल्या पुंगळ्या उचलून बघा : बुडाजवळ फुगवटा किंवा चीर दिसली तर तिथेच थांबा.

खरा धोका काडतुसांच्या सरमिसळीत आहे. .४० चं बॅरल असताना ९ मिमी भरलं तर काडतूस चेंबरमध्ये खोल घसरतं. एक्स्ट्रॅक्टरने ते धरून ठेवलं तर बार उडतोही. पुंगळी बाजूने फाटते आणि ९.०१ मिमीची गोळी १०.१६ मिमीच्या नळीतून कशीही जाते. म्हणून ९ मिमीच्या मॅगझिनच्या बुडाला रंगीत पट्टी लावलेली बरी आणि टेबलावर एका वेळी एकाच मापाचा डबा ठेवावा.

एक फायदा जाहिरातीत ठळक नसतो. ग्लॉकच्या मूळ बॅरलमध्ये बहुभुजी खाचा असतात आणि तिथे नुसत्या शिशाच्या गोळ्यांना कंपनीची मनाई आहे. या बॅरलच्या नेहमीच्या खाचांना त्या चालतात. नेम मात्र थोडा सरकतो, बॅरल बदललं की मागची साइट (नेम धरायची खाच) पुन्हा जुळवून घ्यावी लागते.