फोटो परत मिळाले, माहिती गेली

कंपनीतल्या सगळ्यांना एकाच ठिकाणी फोटो ठेवता यावेत आणि शोधता यावेत, यासाठी एखादी प्रणाली विकत घ्यायच्या विचारात असाल, तर चेकवर सही करण्याआधी हे वाचा.

आमची पेढी येवल्याची, पैठणीची. माग आणि विणकर येवल्यात, विक्रीची माणसं पुण्या-मुंबईत, आणि लग्नसराईत परदेशातल्या मराठी घरांतूनही ऑर्डरी येतात. कॅटलॉगचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक साडीचा पदर, काठ, बुट्टी आणि उलटी बाजू असे वेगवेगळे फोटो काढावे लागतात. उलटी बाजू पाहिल्याशिवाय जाणकार गिऱ्हाईक ती हातमागाची आहे हे मानतच नाही. हे सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरायचे, तिथे ते दाबले जाऊन रंग आणि बारकावे जायचे, आणि विकून झालेल्या साडीचा फोटो पुन्हा पुन्हा गिऱ्हाइकाला दाखवला जायचा. त्यामुळे अशी प्रणाली आम्हाला खरोखरच हवी होती.

जिने आम्हाला फसवलं त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पण पद्धत सांगते, कारण ती तुमच्याकडेही येईल.

डेमोच्या आधी त्यांनी आमचेच थोडे फोटो मागून घेतले. 'तुमच्या मालावरच दाखवतो,' असं म्हणाले. डेमोला सेल्समनने शोधपट्टीत 'बांगडी मोर' टाइप केलं आणि पदरावर बांगडीच्या गोलात मोर असलेल्या साड्या झटक्यात समोर आल्या. मग 'मुनिया काठ' (पोपटांचा), मग 'जांभळी, नारळी काठ'. सगळं अचूक. 'आमचं एआय फोटो बघून ओळखतं, टॅग, म्हणजे फोटो शोधायला जोडलेले शब्द, लिहायची गरजच नाही,' हे वाक्य त्याने आमच्या शेठजींसमोर उच्चारलं. मी मोबाइलमधला एक ताजा फोटो टाकून बघू म्हटलं, तर 'इंडेक्सिंगला (नवा फोटो शोधात यायला) एक रात्र लागते' असं उत्तर आलं. ३ वर्षांचे पैसे एकदम भरले तर मोठी सूट, साठवण अमर्याद, सॉफ्टवेअर पूर्णपणे स्वतःचं, अशी आश्वासनं मिळाली. पैसे भरले गेले.

काम सुरू झाल्यावर त्या एआयला मोर दिसायचा, पण बांगडी मोर कळायचा नाही. आसावली, म्हणजे फुलवेलीची नक्षी, म्हटलं की कुठलंही फूल. चित्र आणि शब्द जोडणारी जी मॉडेल आज बहुतेक ठिकाणी वापरली जातात, त्यांचा पाया २०२१ मध्ये ओपनएआयने खुल्या केलेल्या क्लिपसारख्या मॉडेलमध्ये आहे. क्लिप इंटरनेटवरच्या सुमारे ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकलं, आणि तो मजकूर मुख्यतः इंग्रजी होता. त्यात येवल्याच्या मागावरचे शब्द कुठून असणार? यात तंत्रज्ञानाचा दोष नाही. दोष त्याचा, ज्याने हे माहीत असून उलटं सांगितलं. पुढे आम्ही प्रणालीतल्या नोंदींचा इतिहास मागवला, तेव्हा कळलं की डेमोच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याच माणसांनी आमच्या त्या फोटोंना हाताने टॅग लिहून ठेवले होते. वेळ आणि खात्याचं नाव दोन्ही नोंदीत आहेत. वकिलांच्या मते आमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. एआय चालत नाही म्हटल्यावर आमच्या पेढीतल्या मुलींनी बसून टॅग लिहिले. नक्षी, रंग, जर, कडियल (काठ आणि अंग वेगळ्या रंगांचे) की साधी, आणि कोणाच्या मागावर विणली ते. विणकराचं नाव हे आमच्यासाठी फार मोलाचं. एखादी आजी बारा वर्षांपूर्वीची साडी दाखवून 'तशीच हवी' म्हणते, तेव्हा त्या हाताचा माग काढता आला पाहिजे. काही विणकर आता माग चालवत नाहीत. त्यांच्याशी बोलून, जुनी बिलं चाळून जमवलेली ती माहिती होती.

दुसऱ्या वर्षी ईमेल आलं, की 'अमर्याद' साठवण ही 'वाजवी वापरा'पुरती आहे, आमचा वापर जास्त झालाय, फरक भरा. कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ती ओळ होती, माहितीपत्रकात कुठेच नव्हती. आम्ही म्हणालो, आमचे फोटो द्या, आम्ही निघतो. तर बाहेर काढण्याचा वेगळा आकार लावला. तोही भरला. जे हातात आलं ते असं: फाइलींची नावं अर्थहीन आकडे. कॅमेऱ्याचा मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, परत आलेला लांब बाजूला जेमतेम २०४८. छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, तो सतरा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे ए४ कॅटलॉगचं पानही भरत नाही. आणि टॅग? एकही नाही. 'ते आमच्या डेटाबेसचा भाग आहेत,' असं लेखी उत्तर आलं. मूळ फोटो फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर होते म्हणून वाचले. विणकरांची नावं तिथे नव्हती.

ते लेखी उत्तर वाचून मला अजून संताप येतो. आमच्या माणसांनी लिहिलेला शब्द न् शब्द आमचा आहे, तो ओलीस ठेवायचा हक्क कोणाला नाही.

ग्राहक आयोगाकडे जावं म्हटलं तर तोही रस्ता बंद. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्यात बसत नाही. अपवाद आहे तो पोटासाठी स्वतः राबणाऱ्याचा, पेढीचा नाही. उरतो दिवाणी दावा, आणि त्यात मुख्यतः करारात काय लिहिलंय ते बघितलं जातं.

म्हणून करार करण्याआधी हे करून घ्या. डेमोसाठी फोटो आधी पाठवू नका, पेन ड्राइव्हवर घेऊन बसा आणि तिथेच टाकायला लावा. तुमच्या धंद्यातले शब्द शोधा, 'लाल साडी' नको. रात्रभर थांबा म्हणाले तर थांबा, पण पासवर्ड आणि नोंदींचा इतिहास तुमच्या हाती असू द्या. मग त्यात टाकलेले फोटो टॅगसकट बाहेर काढून मागा, पैसे देण्याआधी. मूळ फाइल तीच आहे का हे ताडायला विंडोजमध्ये सर्टयुटिल ही सोय आहे. टाकण्याआधी आणि काढल्यावर फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) सारखा आला पाहिजे. प्रणालीने टॅग फाइलमध्ये लिहिले असतील तर हा आकडा बदलणारच, तेव्हा पिक्सेल मोजा आणि टॅग उघडून वाचा.

टॅग फाइलच्या आतच लिहिले जातात ना, हे विचारा. त्यासाठी एक्सएमपी हे मानक आहे, अ‍ॅडोबीने २००१ मध्ये आणलेलं आणि २०१२ पासून आयएसओचं. फोटोत माहिती लिहायच्या जुन्या आयपीटीसी रकान्यावर मराठीसाठी विसंबू नका. त्यात एका कीवर्डला ६४ बाइट मिळतात, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. 'बांगडी मोर पदर' बसतं, पण पुढे विणकराचं पूर्ण नाव जोडलं की बहुधा तुटतं.

आणि 'आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर' यावर पैसे मोजू नका. आम्हाला विकलेलं एक ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं असलेलं, सॉफ्टवेअर होतं, फक्त वरचा लोगो बदललेला. असं विकणं बेकायदा नसेल, पण खोटं सांगून विकणं ही फसवणूकच. रिसोर्सस्पेससारखी प्रणाली, जी मुळात ऑक्सफॅम या मदतसंस्थेसाठी २००६ मध्ये बनली, कोणीही फुकट उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि सांभाळणाऱ्या माणसाचा.

आम्ही आता तेच करतो आहोत. टॅग आधी एक्सेलमध्ये, मग एक्झिफटूल या फुकट साधनाने थेट फाइलमध्ये. विणकरांची नावं पुन्हा गोळा करणं चालू आहे. ज्यांची बिलं सापडतात त्यांची मिळतात, बाकीच्यांच्या रकान्यात सध्या फक्त गल्लीचं नाव लिहिलंय.