जादा गाड्या की वाहनतळावरून फेऱ्या? यात्रेचं गणित परतीच्या बाजूनं मांडा

"भाऊ, आते गाडी कव्हय येई?"

मार्गशीर्षातली थंडी, रात्रीचे साडेदहा. खांद्यावर झोपलेलं पोर आणि हातात गोडशेवची पुडी घेऊन एखादी बाई असं विचारते, तेव्हा एसटीच्या वाहतूक नियंत्रकाकडं उत्तर नसतं. हातात वही आणि गळ्यात शिट्टी घेऊन मी बरीच वर्षं यात्रांवर उभा राहिलो. सकाळी येताना मला असं विचारलेलं फारसं आठवत नाही. माणसं पहाटेपासून दुपारपर्यंत जमेल तशी येतात, निघतात मात्र सगळी एकदम, आरती झाल्यावर किंवा तमाशाचा फड उठल्यावर. त्यामुळं यात्रा समितीची माणसं "किती जादा गाड्या मिळतील?" असं विचारत आली, की मी उलट विचारतो, "रात्री दोन तासांत किती माणसं बाहेर काढायची आहेत?"

तीन हजार धरू. खान्देशातल्या मोठ्या यात्रेला हा आकडा काहीच नाही, पण हिशेबाला सोपा पडतो.

पहिला पर्याय म्हणजे आगारांतून थेट जादा गाड्या. गाव चाळीस किलोमीटरवर असलं, तर सुटलेली गाडी त्या दोन तासांत परत येऊन दुसरी खेप करील हे विसरा. उभी माणसं धरून गाडीत पन्नास, म्हणजे साठ गाड्या आधीच आणून उभ्या हव्यात. दुसरा पर्याय, चार किलोमीटरवर वाहनतळ आणि तिथपर्यंत एसटीच्या फेऱ्या. भरणं, जाणं, रिकामं करणं आणि परत येणं, सगळं मिळून पाऊण तास धरा. एक गाडी दोन तासांत तीनदा सुटते, म्हणजे वीस गाड्यांत काम भागतं.

साठ विरुद्ध वीस म्हटल्यावर समितीचे डोळे चमकतात. पण खेपा दोन्हीकडं साठच आहेत, दर दोन मिनिटांना एक गाडी सुटलीच पाहिजे. एसटीला दार एक. वाहक दारात तिकीट फाडत बसला, तर एक गाडी भरायला दहा मिनिटं सहज जातात. म्हणजे पाच गाड्या एकाच वेळी भरतील एवढी जागा आणि पाच वेगळ्या रांगा दोन्ही पर्यायांत लागतात. तिकीट रांगेतच द्या, हे मी हात जोडून सांगतो. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरच्या पुढच्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास. त्यामुळं यात्रेला बाया आणि म्हातारी माणसं जास्त येतात, हे चांगलंच झालं. पण मोफत प्रवासालाही ओळखपत्र बघून शून्याचं तिकीट काढावं लागतं. आजी लुगड्याच्या ओच्यातून आधार कार्ड काढेपर्यंत मागं तीस माणसं दारात रेटत असतात. तेच मैदानावर, कंदिलाखाली का होईना, बसायच्या आधी उरकलं की गाडी तीन-चार मिनिटांत भरते.

मग निवडायचं काय? माणसं कशानं येतात ते आधी पाहा. वाहनतळाच्या फेऱ्या मोटारसायकली आणि चारचाकीवाल्यांच्या सोयीच्या. ज्याच्याकडं गाडीच नाही, त्याला वाहनतळावर सोडून तुम्ही फक्त चार किलोमीटर पुढं ढकललंत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्यांना थेट गाडीच हवी. आषाढीला एसटी एका गावातल्या चाळीस किंवा जास्त प्रवाशांना गावातूनच थेट पंढरपूरची गाडी देते. तशी गावनिहाय यादी समितीनं आधी करून आगाराला दिली, तर त्या लोकांची रात्रीची रांगच संपते. त्यांची गाडी ठरलेली, माणसं ओळखीची आणि वाहकाला मोजायलाही सोपं.

रस्ता एकच असेल तर मात्र फेऱ्यांना पर्याय नाही. सप्तशृंगी गडाचंच बघा. चैत्रोत्सवात खासगी वाहनं नांदुरीला थांबवतात आणि घाटातून वर फक्त एसटी जाते. गडावरच्या आईचं माहेर खान्देश, म्हणून आपली माणसं धुळ्या-जळगावाहून पायी जातात आणि परतताना गाडी शोधतात. म्हणजे भार एकाच दिशेचा, आणि जादा गाड्या तिकडं रिकाम्या न्याव्या लागतात. त्यात धुळ्याची एकवीरा देवीची यात्राही चैत्र पौर्णिमेचीच. त्या दिवशी तुमच्या गावच्या उरुसाला गाड्या मागाल, तर आगार व्यवस्थापक चहा पाजेल, गाडी देणार नाही.

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेचं आणि तिथल्या घोडेबाजाराचं वेगळं. तिथं दोंडाईच्याकडून येणाऱ्याला तापीचा पूल ओलांडावा लागतो आणि शहाद्याकडून वेगळा रस्ता. माझ्या मते तिथं एका मोठ्या तात्पुरत्या स्थानकापेक्षा दोन छोटी बरी, ज्या दिशेची गाडी त्या अंगाला. सगळं एकत्र केलं की शहाद्याची गाडी पुलाच्या गर्दीत आणि दोंडाईच्याची बाजारातल्या घोड्यांत अडकते. दत्तजयंती डिसेंबरच्या आसपास येते, हेही मनात धरा. शाळांच्या सहलींना सवलतीत दिलेल्या गाड्या तेव्हा बाहेर असतात आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. मागणीपत्र दिवाळीच्या सुमारास गेलेलं बरं.

रेल्वेचं थोडक्यात. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही स्थानकं आहेत. अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते आणि स्थानक गावातच, त्यामुळं तिथं रेल्वे खरंच उपयोगी. सारंगखेड्याला मात्र दोंडाईच्याला उतरून पुन्हा एसटी लागते. एका पॅसेंजरमधून उतरलेली माणसं न्यायला दहा-बारा गाड्या एकदम हव्यात, आणि तुमची आरती लांबली म्हणून रात्रीची गाडी थांबणार नाही.

काळी-पिवळीला शत्रू समजू नका. दहा-बारा किलोमीटरच्या आतल्या गावांना तीच बरी. फक्त तिला एसटीच्या रांगेसमोर उभी राहू देऊ नका.

एका यात्रेत, नाव घेत नाही, चाळीस गाड्या वेळेवर आल्या होत्या. पण त्यांचा आत येण्याचा आणि लोकांचा बाहेर पडण्याचा रस्ता एकच ठेवला होता. आरती सुटली, माणसांचा लोंढा रस्त्यावर आला आणि गाड्या किलोमीटरभर लांब दिवे लावून उभ्या राहिल्या, सगळ्या रिकाम्या. मी शिट्टी वाजवत पुढं चालत होतो आणि मागून पहिली गाडी पावलापावलानं येत होती. ती मैदानात पोचली तेव्हा दीड वाजला होता.