डेटा लॉगर, आठ महिन्यांनंतर: कार्ड नव्हे, जंपर!

भट्ट्यांचं तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरमध्ये आकडे येईनासे झाले, तेव्हा सर्व्हिसवाल्याने ‘साहेब, कम्युनिकेशन कार्ड गेलंय’ म्हणत ११,५०० रुपये सांगितले, म्हणून हे लिहितोय. कार्ड गेलेलं नव्हतं.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं हीट ट्रीटमेंट शॉप आहे. भट्टीचं तापमान राखणाऱ्या पीआयडी कंट्रोलरचे आकडे आरएस-४८५ वरून, म्हणजे सगळी यंत्रं जोडणाऱ्या एकाच दोन तारांच्या लाइनवरून, या लॉगरमध्ये येतात. प्रत्येक लॉटबरोबर ग्राफ द्यावा लागतो. मध्ये खंड दिसला की पार्टी माल अडवते.

सेटिंग मीच केलं. ९६०० बॉड (वेग), ८ बिट, १ स्टॉप बिट. पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) दोन्हीकडे सारखी लागते, पण कंट्रोलरला नन, लॉगरला इव्हन. मॉडबसच्या (ही यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा) नियमात इव्हनच मूळ धरलीय, त्यामुळे लॉगरला दोष नाही, पण माझा अर्धा दिवस गेला. मग रजिस्टर, म्हणजे आकडा कुठल्या खान्यातून वाचायचा त्याचा नंबर. कंट्रोलरच्या पुस्तकात ४०००१, इथे मोजणी शून्यापासून, म्हणून टाकायचा ०. मी १ टाकला, तर तापमानाऐवजी सेट पॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) यायला लागला. भट्टी तापलेली असली की दोन्ही आकडे जवळपास सारखेच, चूक कळतच नाही. नवीन लावणाऱ्यांनी भट्टी गार असतानाच ताडून बघा.

पाच महिने एकही खंड नाही. मग तिसरी भट्टी आली, वायर लॉगरच्या पलीकडे वाढवली आणि नव्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावला (सिग्नल टोकावरून उलटा फिरू नये म्हणून लाइनच्या दोन्ही टोकांना, फक्त टोकांनाच, असा एकेक लागतो; यालाच टर्मिनेशन म्हणतात). तेव्हापासून ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) सुरू झाला की तिसऱ्या भट्टीचे आकडे गायब. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून बाहेरचा विजेचा त्रास अडवणारी शील्डवाली ट्विस्टेड पेअर केबल आणून टाकली. फरक थोडाच पडला.

कार्डाचे पैसे भरायच्या आधी सगळं बंद करून लाइनच्या दोन तारांवर, म्हणजे ए आणि बी टर्मिनलवर, मल्टिमीटर लावला. दोन टोकांचे दोन रेझिस्टर समांतर धरले तर साधारण ६० ओहम यायला हवेत; जितके जास्त, तितका आकडा कमी. आले ४०. म्हणजे तिसरा १२० कुठेतरी बसलाय! लॉगरचे चार स्क्रू काढले, तर टर्मिनलच्या मागे बोर्डावर नखाएवढी काळी टोपी: टर्मिनेशन जंपर, म्हणजे लॉगरच्या आतला १२० ओहम लाइनला जोडणारी टोपी, कंपनीतूनच ऑन. लॉगर टोकाला होता तोवर ते बरोबर होतं. आता तो मध्ये आलाय. टोपी चिमट्याने काढली, मीटरवर ६०. खर्च शून्य.

याचा मला खरा राग आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट डब्याच्या आत, बाहेर खूण नाही, पुस्तकात फक्त ‘टर्मिनेशन: अंतर्गत’. बाहेर एक सरकता स्विच द्यायला कितीसा खर्च आला असता?

एक स्टार द्यायचं ठरवून बसलो होतो, पण वस्तू चांगली आहे. गुरुवारी लाइट जाते, आली की लॉगर आपोआप सुरू होतो आणि घड्याळ एक मिनिटही मागे नसतं. जंपर काढून सात आठवडे झाले, तिन्ही भट्ट्यांची रेघ अखंड आहे. वस्तूला चार, सर्व्हिसला एक.

ती काळी टोपी छोट्या पिशवीत घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलीय, शेजारी मार्करने ‘लॉगर टोकाला असेल तरच लावणे’.