आमच्याच घराच्या कागदाला 963 डॉलर

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लाजेपोटी तो कमी करावासा वाटणार नाही. 118 डॉलरचा चेक आणि 845 डॉलर थेट खात्यातून. एकूण 963. त्या बदल्यात मिळालं काय? चार पानांची झेरॉक्स आणि एक डीड, म्हणजे घराचं मालकीपत्र, जे कुठल्याही कार्यालयात कधी पोचलंच नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. घर 2021 मध्ये घेतलं. तेव्हा मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर होते, पगार नव्हता, म्हणून कर्ज नवऱ्याच्या नावावर आणि डीडही त्याच्या एकट्याच्या नावावर झालं. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण करायच्या टेबलावर सह्या करून हात दुखला होता, त्यात कोण काय वाचतंय?

2024 च्या मार्चमध्ये डीडची प्रत विकणारं ते पत्र आलं. इथे ज्यांचं घर आहे त्यांना ते कसं असतं हे वेगळं सांगायला नको. बारकोड, घराचा पत्ता, खरेदीची तारीख, पार्सल नंबर (म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नंबर), आणि ठळक अक्षरांत 'अमुक तारखेच्या आत उत्तर द्या'. डीडच्या प्रतीचे 118 डॉलर. यातला प्रत्येक तपशील काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात कुणालाही फुकट बघता येतो, हे आज कळतंय. तेव्हा वाटलं, ज्याला आपला पार्सल नंबर ठाऊक आहे तो सरकारचाच माणूस असणार. वर पत्ता ऑस्टिनच्या पोस्ट बॉक्सचा. टेक्सासच्या राजधानीचं शहर! फसायला तेवढं पुरलं.

तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की पत्र पाठवणारी कंपनी सरकारी नाही. ते मी वाचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण वाचलं होतं. मनात म्हटलं, भारतीय पासपोर्टचं काम नाही का कॉन्सुलेटने बाहेरच्या कंपनीला दिलेलं, तसंच हेही असेल. मला मूर्ख म्हणण्याआधी सांगा, तुम्हाला हे पटलं नसतं?

आणि कागदाची भीती माझ्यात लहानपणापासून आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं नाव चढायला चार वर्षं लागली. वारस नोंद, फेरफार, तलाठी रजेवर, मग साहेब दौऱ्यावर. आईच्या चपला झिजताना मी पाहिल्यात. ज्याचं कागदावर नाव नाही त्याचं काहीच नाही, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. (आता तोच डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो. मी 118 डॉलर मोजले.)

सहा आठवड्यांनी झेरॉक्स आली. तिच्यावर ना शिक्का, ना प्रमाणपत्र. टेक्सासात काउंटी क्लर्ककडे साधी प्रत पानाला 1 डॉलर, प्रमाणित हवी असेल तर वर 5 डॉलर. म्हणजे आमच्या चार पानांचे झाले 9 डॉलर. बरं, नोंदवलेलं मूळ डीड खरेदीचे कागद बघणाऱ्या टायटल कंपनीने केव्हाच पोस्टाने पाठवलेलं होतं. क्लोजिंगच्या फायलीत, घराच्या वॉरंटीच्या माहितीपत्रकाखाली. तुमची फाइल आजच उघडून बघा.

हे इथेच थांबलं असतं तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण आठवड्याभरात फोन आला. माणूस अगदी अदबीचा, सावकाश बोलणारा. म्हणाला, डीडवर तुमचं नाव नाही हे तुम्हाला माहीत आहे ना? उद्या तुमच्या नवऱ्याला काही झालं तर तुम्ही या घरात कोण? नेमकं तिथेच बोट ठेवलं त्याने. माझ्या डोळ्यांसमोर तलाठी ऑफिसच्या बाकावर बसलेली आई आली.

मी अगदीच आंधळेपणाने होकार दिला असं नाही. त्या रात्री काउंटीच्या साइटवर गेले, नवऱ्याचं नाव टाकलं, आणि दोन मिनिटांत आमचं डीड समोर! फुकट, पूर्ण चारही पानं. पानांवर तिरक्या फिकट अक्षरांत 'अनऑफिशियल' असा छाप. खाली 'डीड ऑफ ट्रस्ट', म्हणजे गहाणखत, आणि त्यावर नवऱ्याच्या सहीशेजारी माझी सही. टेक्सासात राहत्या घरावर कर्ज काढताना बायकोचीही सही घेतात, तिचं नाव डीडवर नसलं तरी. म्हणजे या घरात मी कोण, याचं उत्तर माझ्याच अक्षरात स्क्रीनवर होतं. तिथेच लॅपटॉप मिटून झोपायला हवं होतं.

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी त्यालाच फोन करून विचारलं की तिथे 'अनऑफिशियल' का लिहिलंय. तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, बघा, म्हणूनच म्हणतो, तुमची नोंद अजून अधिकृत झालेलीच नाही. अहो, तो छाप फक्त साइटवरून फुकट उतरवून घेतलेल्या प्रतीसाठी असतो! ज्या पानाने मला वाचवायला हवं होतं, त्याच पानाने मला बुडवलं. अजून रात्री जाग आली की तो तिरका शब्द दिसतो.

595 डॉलर नवं डीड तयार करायचे, 250 'रेकॉर्डिंग'चे. कार्ड चालत नाही म्हणाला. जो कार्ड घेत नाही त्याला पैसे देऊ नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. खरी नोंदणी फी पहिल्या पानाला साधारण 25 डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला 4. कागद आला, नवऱ्याने नोटरीसमोर सही केली, आम्ही परत पाठवला. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठा, साक्षीदार, सगळी वरात न्यावी लागते. इथे मालकाला काउंटीत पाऊलही ठेवावं लागत नाही, कागद टपालाने किंवा संगणकावरून जातो. त्यामुळे 'आम्ही पाठवतो' यात काही खटकलंच नाही.

तीन महिने दर सोमवारी साइट बघितली. काही नाही. मग फोन लागेना.

यापुढचा राग त्या चोरावर नाही. चोराने चोराचं काम केलं. काउंटीच्या खिडकीवर अर्धा तास उभी राहिले तर बाईंनी एकच वाक्य तीनदा ऐकवलं: आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही. मी सल्ला मागतच नव्हते, एवढंच विचारत होते की माझा कागद आला का. नाही आला. पत्र दाखवलं तर म्हणाल्या, हो, अशी बरीच येतात. बरीच येतात तर भिंतीवर एक कागद चिकटवायला काय जातं? पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, आणि पत्रावर तर त्यांनी 'आम्ही सरकारी नाही' असं छापलंय. म्हणजे टपालाच्या कायद्याने जी ओळ लोकांना सावध करायला छापायला लावली, तीच चोराची ढाल झाली. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ऑनलाइन तक्रार नोंदवली तर आपोआप येणारं उत्तर आलं, आभाराचं. मला आभार नको होते. प्रत्येकजण पुढची खिडकी दाखवत होता. तलाठी रजेवर तरी असायचा, इथे सगळे जागेवर हजर आणि उपयोग तोच.

शेवटी वकिलाकडे गेले. त्यांनी 225 डॉलर घेतले आणि डीड दोन दिवसांत नोंदलं गेलं. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या ऐकून हसावं की रडावं कळेना. टेक्सासात लग्नानंतर घेतलेलं घर सहसा दोघांचं सामाईक धरलं जातं, डीडवर नाव कुणाचंही असो. आणि पैसे घेऊन दुसऱ्याचं डीड तयार करणं हे इथे मुळात वकिलाचं काम आहे, फोनवरच्या कुणाचंही नाही.

अशीच पत्रं होमस्टेड सवलतीचीही, म्हणजे राहत्या घरावरच्या करसवलतीचीही येतात. तो अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे करायचा असतो आणि त्याला एक पैसा लागत नाही. आपल्या नावावर काही नोंदलं गेलं की ईमेल पाठवायची सोयही बऱ्याच काउंट्यांत फुकट आहे, ती चालू करा. मी केली आहे, वरातीमागून घोडं का होईना.

नवं डीड नोंदल्याला महिना झाला नसेल, परवा टपालात तसंच पाकीट आलं. तोच बारकोड, तसाच ऑस्टिनचा पोस्ट बॉक्स. या वेळी नवऱ्याच्या नावाखाली माझंही नाव छापलंय, अगदी अचूक. डीडच्या प्रतीचे 129 डॉलर मागितलेत.